भोंग्यावरून गेलेला ‘पण’

“ए ब्राउनिंग! छत्री उलटी झालीये तुझी!”

भर बाजारात, भर पावसात, आकाशवाणी व्हावी तसा तो आवाज आला. तमोयाची छत्री खरंच उलटी झाली होती. एका हातात छत्रीची दांडी, दुसऱ्या हातात बाटल्यांची टोपली, आणि वाऱ्याला तर तेवढंच हवं होतं. तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही. हाक दुसऱ्याच कुणाला तरी असणार, हे तिला ठाऊक होतं.

पोर्ट अँटोनिओ या बंदरगावात उजळ कांतीच्या पोरीला ब्राउनिंग म्हणतात. नुसतं म्हणत नाहीत, जीव ओवाळून टाकत म्हणतात. टॅक्सीवाले म्हणतात, कोळी म्हणतात, मिसरूड न फुटलेली पोरंसुद्धा म्हणतात. मावसबहीण शॉना बरोबर असली की ती हाक हमखास यायची, आणि शॉना मान वेळावून हसायची. तमोया काळी होती. सावळी नाही, गव्हाळ नाही, काळी. कुणाच्याही हाकेला न वळता सरळ कसं चालायचं, हे ती शाळेत असतानाच शिकली होती.

“अगं, तूच! हिरव्या झग्यातली!”

आता मात्र तिनं वळून पाहिलं. मागं एक बकरी उभी होती आणि एक नारळवाले आजोबा. दोघांनीही हिरवं काही घातलेलं नव्हतं.

डोक्यावर दोन भोंगे बांधलेली निळी व्हॅन तिच्याजवळ येऊन थांबली. काच खाली झाली. आत एक उजळ चेहरा, त्यावर खट्याळ डोळे, आणि हातात माइक.

चेहरा नवा होता, पण तो आवाज... तो तर तिच्या रोजच्या सकाळचा होता! मावशीच्या बेकरीत चुलीवर साखर ठेवली की खिडकीतून तो आवाज यायचा. सकाळी मयताच्या बातम्या — कोण गेलं, कुठल्या चर्चमध्ये, कधी — इतक्या मऊ सुरात, की गेलेल्या माणसालाही बरं वाटावं. आणि दुपारी तोच आवाज नाचाच्या कार्यक्रमांची जाहिरात करत गावभर उड्या मारायचा. त्या आवाजाला चेहरा कसा असेल, याचा विचार करता करता तिनं किती वेळा साखर जास्त जाळली होती, ते मावशीला विचारा.

“आत ये. भिजशील,” तो म्हणाला.

“भिजलेच आहे. आणखी किती भिजणार?”

“मग त्या बाटल्या तरी आत ठेव. आहे काय त्यात?”

“ब्राउनिंग.”

तो हसला. तिनं हसू न आणता एक बाटली काढून त्याच्या नाकासमोर धरली. आतलं काळंभोर, दाट पाणी सावकाश हललं.

“साखर जाळून करतात. नाताळच्या केकात घालतात. तुझ्या आईनंही घातलं असेल. हे एक ब्राउनिंग, आणि तू हाक मारतोयस ते दुसरं. त्या दुसऱ्यातली मी नव्हे.”

त्यानं बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे.

“मला तर हेच खरं वाटतं.”

“म्हणजे मी जळकी?”

“म्हणजे... तुझ्याशिवाय नाताळ होत नाही.”

“ओडेन!” नारळवाले आजोबा ओरडले. “माइक चालू आहे रे बाबा!”

अख्खा बाजार फिदीफिदी हसत होता. ओडेन कानापर्यंत लाल झाला. त्याची ही खोड गावाला पाठ होती. माइक चालू करायला तो कधी विसरत नसे, बंद करायला मात्र हटकून विसरायचा. तमोयानं ओठ चावला, दार उघडलं आणि ती आत बसली. हसू दाबायला आडोसा हवा होता, दुसरं काही नाही.

*

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या दारात व्हॅन. तिसऱ्या दिवशीही. ड्रूसीमावशी म्हणाली, “या मुलाला बनपाव फारच आवडायला लागलेत.” तमोया म्हणाली, “असेल बाई.” आणि पिठात मीठ घालायला विसरली.

संध्याकाळी ती दोघं धक्क्यावर जाऊन बसायची. समोरच्या बेटावर पावसाचा पडदा यायचा, उठायचा, पुन्हा यायचा. डोंगर ढगात गेला की जगात फक्त समुद्र, भाजलेल्या नीरफणसाची — ओडेन तो घरून कागदात गुंडाळून आणायचा — गरम वाफ आणि त्याचा आवाज एवढंच उरायचं. तो आवाज जवळून वेगळाच होता. बारीक. थोडा घाबरलेला.

“एक सांगू? रागावणार नाहीस?” ती एकदा म्हणाली.

“रागावेन. सांग.”

“दुपारी तू ओरडत फिरतोस... ‘शनिवारी नाच! ब्राउनिंगना प्रवेश फुकट!’”

“मग?”

“मग आम्ही काय करायचं? तिकीट काढायचं?”

तो बघतच राहिला. “अगं, ते... तसं म्हणायची पद्धत आहे. म्हणजे सगळ्याच पोरी.”

“सगळ्याच पोरी, तर सगळ्याच पोरी म्हण ना. मी लहानपणापासून ऐकतेय. प्रत्येक वेळी वाटतं, दारातला माणूस मला वरपासून खालपर्यंत बघणार आणि हात पुढं करणार... पैसे काढ म्हणून.”

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगे खरखरले, आणि गावानं ऐकलं: “शनिवारी नाच! बायकांना प्रवेश फुकट! सगळ्या बायकांना! सगळ्या रंगांच्या, सगळ्या वयांच्या, रुसलेल्या आणि न रुसलेल्या!”

शनिवारी नाचाला चर्चमधल्या अर्ध्या म्हाताऱ्या हजर. आयोजकानं कपाळाला हात लावला. ड्रूसीमावशी पहाटेपर्यंत नाचली आणि आठवडाभर गुडघे धरून बसली. “फुकट होतं ना,” ती म्हणाली, “मग सोडायचं कशाला?”

त्या नाचात ओडेननं तमोयाचा हात पहिल्यांदा धरला. “ब्राउनिंग...” तो सवयीनं कुजबुजला.

“मला नाव आहे.”

“तमोया.” एकेक अक्षर चाखत असल्यासारखं तो म्हणाला. मग चाचरत, “आणि... काळी म्हटलं तर?”

“कोण म्हणतं, कसं म्हणतं, त्यावर आहे. पप्पा कॅनडात सफरचंदं तोडतात. फोनवर पहिला शब्द, ‘काळू!’ तो ऐकला की मी दिवसभर हवेत. शाळेत मला काळुंद्री म्हणायचे, तेव्हा वहाणा हातात घेऊन धावायचे मी.”

“मग मी कसं म्हणू?”

“तू अजून कुठं शिकलायस?” ती हसली आणि तिनं डोकं त्याच्या छातीवर टेकलं. आतून तोच आवाज घुमत होता. त्या रात्री घरी जाताना तिला पाय जमिनीला लागल्याचं आठवत नव्हतं.

*

नाताळ आठवड्यावर आला. बेकरीत रममध्ये मुरलेल्या मनुकांचा वास भरला होता. गिऱ्हाइकं दारापर्यंत उभी होती. तमोया साखर जाळत होती. हे काम ती कुणाला देत नसे. साखर आधी वितळते, मग सोनेरी होते, मग तपकिरी. तिथं नवख्या बायका घाबरून भांडं उतरवतात. तमोया उतरवत नसे. धूर यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि साखर काळी व्हायची.

बाहेर भोंगा सुरू झाला. मऊ सूर. कुणी म्हातारे मास्तर गेले होते. तमोया ऐकत ऐकत ढवळत होती. बातमी संपली. थोडी खरखर. आणि मग...

“मम्मा, ऐक तरी! ... हो, काळी आहे. काळी आहे, पण फार गोड आहे. नाकीडोळी तर इतकी—”

बेकरीतली कुजबुज थांबली. व्हॅन वरच्या आळीत, मिस व्हर्लीच्या दारात उभी असणार. मिस व्हर्ली म्हणजे ओडेनची आई, गावातली जुनी ब्राउनिंग. अजूनही उन्हात निघताना हातमोजे घालणारी. त्यांचाही आवाज आता स्वच्छ आला. भोंगे ओडेननं फार चांगले घेतले होते.

“तुझ्या बापापायी मी एक पायरी खाली उतरले, ओडेन. तू आणखी उतरू नकोस. नातवंडं वर जायला हवीत.”

“अगं, पण बघ तरी तिला! काळी असली तरी—”

कुणीतरी ओरडलं. खट्ट. भोंगा बंद झाला.

गावभर शांतता पसरली. कोंबडासुद्धा आरवेना. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांना कुठं बघावं कळेना, म्हणून सगळे केकांकडे बघू लागले. एका बाईनं धीर करून म्हटलं, “तुझीच तर बाजू घेत होता गं तो.”

“हो ना,” तमोया म्हणाली. चुलीवर साखरेचा कोळसा झाला होता.

ओडेन धावत आला, धापा टाकत. ती मागच्या दारात भांडं घासत बसली होती.

“तमोया, माइकची चूक झाली गं...”

“माइकनं काही चूक नाही केली. तू बोललास तेच त्यानं सांगितलं.”

“मी तुझ्यासाठी भांडत होतो!”

“माझी बाजू घ्यावी लागते, असा माझा गुन्हा काय रे?” तिनं मान वर केली. “‘काळी आहे, पण गोड आहे.’ म्हणजे गोड आहे म्हणून माफ. उद्या आपलं भांडण झालं, मी गोड राहिले नाही, मग? मग नुसती काळी उरेन?”

“मला तसं नव्हतं म्हणायचं...”

“मला माहितीये. तुला काहीच म्हणायचं नव्हतं. ते आपोआप आलं.” तिचा आवाज फुटला. “शेंबडी पोरं ओरडली असती तर मी वहाण काढली असती, ओडेन. तुझ्यावर कशी काढू? मला तू आवडतोस.”

तो पुढं झाला. तिनं दार लावून घेतलं.

रात्री शॉना तिच्या खोलीत आली. ती औषधांच्या दुकानात काम करायची. तिनं उशीवर मलमाची एक लहानशी नळी ठेवली.

“महिनाभर लाव. मग कुणाला ‘पण’ म्हणावं लागणार नाही.”

“तू कशाला लावतेस? तू तर ब्राउनिंगच आहेस.”

शॉनानं गालावरून हात फिरवला. तिथली कातडी पातळ, लालसर झाली होती. “तशी राहायला नको का?” ती म्हणाली, आणि निघून गेली.

तमोयानं झाकण उघडलं. फुलांचा वास होता, त्याखाली काहीतरी झोंबणारं. तिनं हाताच्या पाठीवर एक ठिपका लावला आणि त्याच्याकडे बघत बसली. एवढ्याशा पांढऱ्या ठिपक्याच्या पलीकडे मिस व्हर्लीचं दार उघडत होतं, ओडेन हसत होता, भोंगे तिच्या नावानं वाजत होते...

दारात मावशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. रागावेल, रडेल, काहीतरी म्हणेल, म्हणून तमोया अंग चोरून बसली.

“हात धू,” ड्रूसीमावशी म्हणाली. “पीठ मळायचंय सकाळी. केकला वास लागेल.”

तमोयानं हात धुतला. खूप वेळ धुतला. मग मावशीच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली. नळी सकाळी कोंबड्यांच्या उकिरड्यावर होती.

*

पुढं काही दिवस भोंगे मुके होते. मास्तरांच्या मयताला निम्मं गाव उशिरा पोचलं. वेळ अलीकडे आणल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मोठा बाजार भरतो. तेव्हा सगळं गाव नवे कपडे घालून रस्त्यावर असतं. पोरांच्या हातात फुगे, म्हाताऱ्यांच्या हातात सॉरेलच्या लालभडक सरबताचे पेले, आणि डोक्यावर रिमझिम. तमोयानं केकचं टेबल मांडलं होतं, रस्त्याकडे पाठ करून. ती केक कापत होती. व्हॅन चौकात उभी आहे, हे तिला पाठीनंच कळलं होतं.

टेबलासमोर हातमोजे घातलेले दोन हात आले.

“एक केक. काळा,” मिस व्हर्ली म्हणाल्या. तमोयाला नजर देईनात. मग न राहवून, “माझा नेहमी तपकिरी राहतो. इतका काळा कसा होतो गं तुमचा?”

“तुम्ही भांडं लवकर उतरवता, मिस व्हर्ली. साखर काळी व्हायला लागली की घाबरता.”

मिस व्हर्लींनी पटकन वर पाहिलं. त्या काही म्हणणार, तोच भोंगे खरखरले. मऊ सूर. मयताच्या बातमीचा. बाजार गप्प झाला. आज नाताळच्या तोंडावर कोण गेलं?

“पोर्ट अँटोनिओकरहो... एक दुरुस्ती आहे. मागच्या आठवड्यात या भोंग्यावरून एक वाक्य गेलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. त्यात एक शब्द माझा नव्हता. म्हणजे... माझ्याच तोंडचा, पण घरून आलेला.” थोडा श्वास. “बघा, पुन्हा आला. माझे पप्पा, तुम्ही मानानं मास आल्वन म्हणायचात त्यांना. काळे होते. आमच्या घरी रोज चालायचं... काळा, पण कष्टाळू. काळा, पण मनाचा मोठा. पप्पा ऐकायचे आणि जेवायचे. मी इतका ऐकला तो शब्द, की मला ऐकू येईनासाच झाला. तो शब्द मी परत घेतोय. पप्पांसाठीही.”

मिस व्हर्ली फळांच्या रिकाम्या खोक्यावर बसल्या. हातमोजा काढून त्यांनी डोळ्यांना लावला.

“आल्वन कडेचा तुकडा मागायचा,” त्या हळूच म्हणाल्या. “सगळ्यात काळा असतो तो.”

तमोयानं कडेचा तुकडा कापून त्यांच्या हातात दिला.

भोंगा अजून बोलत होता. आता सूर डळमळत होता. “तर ते वाक्य... ती काळी आहे. आणि माझा तिच्यावर जीव आहे. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही... नाही, थांबा. आहे संबंध. मला तिचा रंग आवडतो. पहिल्यांदा तोच दिसला होता, उलट्या छत्रीखाली. मी हाक मात्र चुकीची मारली.”

भोंग्यातला आवाज थांबला. व्हॅनचं दार उघडल्याचा आवाज आला. आणि मग, माइकशिवाय, त्याच बारीक, घाबरलेल्या आवाजात, बाजाराच्या त्या टोकाहून—

“तमोया!”

ती वळली. मागं दुसरी कोण उभी आहे, हे तिनं पाहिलं नाही.

गर्दीनं वाट करून दिली. ती हातातली सुरी टेबलावर ठेवायची विसरली, म्हणून गर्दीनं जरा जास्तच वाट दिली. ओडेन सुरीकडे बघून दोन पावलं मागं सरला. “मी... मी आणखी काही चुकलो का?”

“गाडीत बस,” ती म्हणाली.

दोघं आत बसली. दारं लागली. सगळा बाजार भोंग्यांकडे कान लावून उभा राहिला. नारळवाले आजोबा, ड्रूसीमावशी, शॉना, खोक्यावरच्या मिस व्हर्लीसुद्धा.

भोंग्यातून तमोयाचा आवाज आला. “आधी माइक बंद कर.”

खट्ट.

“अरेरे!” असा सुस्कारा अख्ख्या बाजारातून उमटला. ओडेनच्या आयुष्यात माइक पहिल्यांदाच वेळेवर बंद झाला होता.

आत काचांवर वाफ धरली होती. बाहेरचे दिवे त्या वाफेतून लाल-पिवळे होऊन पाझरत होते. टपावर पाऊस वाजत होता.

“ते वाक्य पुन्हा म्हण,” ती म्हणाली. “पहिलं. माझ्याकडे बघून.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नीट, सावकाश, घाई नसल्यासारखं.

“तू काळी आहेस.”

तमोया थांबली. लहानपणापासूनच्या सवयीनं, श्वास धरून, पुढच्या शब्दाची वाट बघत थांबली. पाऊस पडत राहिला. ओडेन काही बोलला नाही.

वाक्य संपलं होतं.

तिनं धरलेला श्वास सोडला, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.